जुन्या ऐरणीचे किती मागावेत?

रायपुरात भोसल्यांच्या काळापासून मराठी घरं आहेत. पुढे रेल्वे आली, भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, आणि नोकरीधंद्यासाठी माणसं येत राहिली. त्यांतल्या कुणाची उरल्याला किंवा भनपुरीला छोटी शेड असते. वडील थकतात, मुलं पुण्याबंगळुरूला स्थायिक होतात आणि शेड रिकामी करायची वेळ येते. लेथला, ड्रिल मशीनला गिऱ्हाईक मिळतं. उरते ती कोपऱ्यातल्या ओंडक्यावरची ऐरण. भंगारवाला तिच्याकडे नीट न बघताच किलोचा भाव सांगतो. तेवढ्यात भाचा मोबाइल पुढे करतो: अमेरिकेत अशाच ऐरणीला लोक पौंडामागे डॉलर मोजतात! मग घरात वाद सुरू होतो. खरी किंमत कुठली, भंगारवाल्याची की मोबाइलवरची?

बहुतेक वेळा दोन्ही नाहीत. रास्त भाव या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो आणि तो अंदाजपंचे नव्हे, तर हिशेबानं काढता येतो. त्यासाठी लोहारकाम यायला हवं असं नाही. एक काटा, एक टॉर्च, एक स्टीलची पट्टी आणि बेअरिंगचा एक छर्रा एवढी सामग्री पुरते.

१. भावाची दोन टोकं

वापरलेल्या कोणत्याही अवजाराच्या किमतीला दोन टोकं असतात. खालचं टोक म्हणजे ते वितळवायला दिलं तर मिळतील तेवढे पैसे. वरचं टोक म्हणजे तेच काम तितकंच चांगलं करणारं नवं अवजार आणायला लागतील तेवढे पैसे. खालच्या टोकाच्या आत विकलं तर तुम्ही फसलात. वरच्या टोकाच्या पलीकडे मागितलं तर गिऱ्हाईक नवीच आणेल.

खालचं टोक रायपुरात शोधावं लागत नाही. सिलतरा आणि उरल्याच्या पट्ट्यात स्पंज आयर्न, इंगट आणि सळ्यांचे कारखाने आहेत. त्यांच्या भट्ट्यांना भंगार लागतं, म्हणून इथे भंगाराचा भाव रोज निघतो आणि रोज हलतो. एकाच दिवशी तीन दुकानांत विचारा आणि मधला आकडा धरा.

वरच्या टोकासाठी थोडी खटपट करावी लागते. राजस्थानात नागौर आणि पंजाबात जालंधर ही हातअवजारांची जुनी केंद्रं आहेत. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानदाराकडून तुमच्या ऐरणीएवढ्या वजनाच्या नव्या ऐरणीचा भाव मागवा. त्यात रायपूरपर्यंतचं भाडं धरायला विसरू नका. सत्तर-ऐंशी किलोचा डाग इतक्या लांबून आणायचा म्हणजे भाडं बरंच होतं, आणि तुमची ऐरण घेणाऱ्याचं ते वाचतं. मात्र तुलना सारख्याशी सारख्याची हवी. बिडाची नवी ऐरण स्वस्त पडते, पोलादाची महाग. तुमची पोलादाची असेल तर बिडाच्या भावाशी ताडून पाहू नका; बिडाची असेल तर पोलादाचा भाव दाखवून गिऱ्हाइकाला भुलवू नका.

आता या दोन टोकांमध्ये तुमची ऐरण कुठे बसते ते ठरवायचं. जुना टायर विकत घेताना आपण रबराचं वजन विचारत नाही, नक्षी किती उरली ते पाहतो. ऐरणीतही पैसे असतात ते वरच्या बोटभर जाडीत, म्हणजे तिच्या माथ्यात. खालचं सगळं धड त्या माथ्याला आधार द्यायला असतं.

हे असं का, तेही समजून घेऊ. लाल तापलेलं लोखंड ऐरणीवर ठेवून लोहार घाव घालतो, तेव्हा ते लोखंड हातोडा आणि ऐरण यांच्यामध्ये चेपलं जातं. खालची ऐरण कडक आणि जड असेल तर घावाची बहुतेक ताकद त्या लाल लोखंडालाच लागते. माथा मऊ असेल तर तो स्वतः दबतो, आणि ऐरण हलकी असेल तर ती स्वतः हलते. दोन्ही वेळा लोहाराचे कष्ट वाया जातात. दिवसाला शेकडो घाव घालणाऱ्या माणसाला हा फरक खांद्यात कळतो. म्हणून तो पैसे मोजतो ते वजन आणि कडकपणा या दोन गोष्टींचे. आपणही त्याच क्रमानं जाऊ.

२. आधी वजन

धर्मकाट्यावर जाऊ नका. तो ट्रकसाठी असतो. पाच-दहा किलो इकडचे तिकडे झाले तरी त्याला पत्ता लागत नाही. धानाच्या गिरणीत किंवा किराण्याच्या ठोक दुकानात पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा असतो, तो चांगला. रायपुरात अशा गिरण्यांना तोटा नाही.

काट्यापर्यंत नेणं अवघड असेल तर ऐरणीच्या बाजूवर आकडे शोधा. जुन्या इंग्लिश ऐरणींवर तीन आकडे ठोकलेले असतात. मधे ठिपका किंवा थोडी मोकळी जागा असते, उदाहरणार्थ १·२·१४. हे बाराशे चौदा नव्हे, की साल किंवा मॉडेल नंबरही नव्हे. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या चौथाईचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. आता मांडा:

१ × ११२ = ११२
२ × २८ = ५६
१४ × १ = १४
एकूण १८२ पौंड.

एक पौंड म्हणजे ०.४५३६ किलो. तेव्हा १८२ पौंड म्हणजे साधारण साडेब्याऐंशी किलो. पद्धत हीच आहे की नाही हे ताडायला एक सोपी खूण आहे: मधला आकडा ३ च्या वर जात नाही आणि शेवटचा २७ च्या वर जात नाही. जास्त दिसला तर आकडे किलोतले किंवा नुसत्या पौंडांतले असण्याचा संभव आहे. स्वीडनच्या किंवा अमेरिकेच्या ऐरणींवर तसे सापडतात.

घरातल्या वयस्कर माणसानं “आपली ऐरण दोन मणाची आहे” असं सांगितलं तर तेही कामाचं आहे. रेल्वेचा बंगाली मण ३७.३२ किलोचा होता, म्हणजे दोन मण पाऊणशे किलोच्या आसपास. दशमान वजनांचा कायदा 1956 चा. 1962 पर्यंत किलोग्रॅम सक्तीचा झाला. त्याआधीच्या खरेदीचा हिशेब मणातच असणार. अर्थात मण गावोगाव वेगळा असे, म्हणून शेवटी काटाच खरा.

आकडे दिसत नसतील तर तारेच्या ब्रशनं गंज हलकेच काढा, खडू किंवा कणीक चोळा आणि अंधार करून टॉर्च बाजूनं धरा. खोलगट अक्षरांत पांढरं अडकतं आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारं नाव वाचता येतं. ग्राइंडर मात्र लावू नका. अक्षरं गेली की तिची ओळख गेली, आणि ओळखीलाही पैसे असतात.

३. ही कशाची बनली आहे?

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या ऐरणी आतून चार प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार घडीव लोखंडाचं धड आणि वर पोलादाची पट्टी जोडलेली ऐरण. जुन्या इंग्लिश ऐरणी बहुधा अशा. डडलीचा पीटर राइट, शेफील्डचं माउसहोल, बर्मिंगहॅमचे ऑलडेज अँड अनियन्स ही त्यांतली नावाजलेली नावं. पीटर राइटच्या ऐरणीवर नावाबरोबर ‘सॉलिड रॉट’ असा इंग्रजी शिक्का असतो. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: वरची पोलादी पट्टी जेमतेम बोटभर जाडीची असते.

दुसरा प्रकार सबंध ओतीव पोलादाची. स्वीडनच्या कोल्स्वा आणि सोडरफोर्स या कारखान्यांच्या ऐरणी अशा, आणि आजच्या चांगल्या नव्या ऐरणीही बऱ्याचशा अशाच.

तिसरा प्रकार बिडाचं धड आणि पोलादाचा माथा. अमेरिकेतल्या फिशर कंपनीनं एकोणिसाव्या शतकात हे तंत्र नावारूपाला आणलं. आपल्याकडे क्वचित दिसते, पण दिसली तर भंगारात घालण्यासारखी नाही.

चौथा प्रकार नुसत्या बिडाची. आकार ऐरणीचा, पण अंगात दम नाही. माथा लवकर दबतो आणि कडा टवके उडून जातात. पत्रा सरळ करायला, हलकं ठोकायला ठीक. रोजच्या लोहारकामाला नाही.

ओळखायचं कसं? हातोडीनं हलकेच ठोकून आवाज ऐकतात, ही जुनी रीत. पोलादाची ऐरण घंटेसारखी वाजते, बिडाची बद्द वाजते. पण यावर पूर्ण विसंबू नका. फिशरची उत्तम ऐरणही वाजत नाही, आणि चांगली ऐरण ओंडक्याला साखळीनं घट्ट आवळलेली असेल तर तीही मुकी राहते. अक्षरं खोल ठोकलेली असतील तर ती घडीव असण्याची शक्यता जास्त. उठावाची असतील तर ओतीव. मग ते पोलाद की बीड हे ठिणगीवरून ठरतं. शेजारच्या फॅब्रिकेटरला सांगून बुडाशी, न दिसणाऱ्या जागी, ग्राइंडर क्षणभर टेकवा. बिडाची ठिणगी आखूड आणि मंद लालसर असते. घडीव लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळसर आणि फारसे फाटे न फुटलेल्या. कडक पोलादाची ठिणगी पांढरीशुभ्र आणि टोकाशी फुलबाजीसारखी फुटलेली. ही परीक्षा माथ्यावर कधीच करू नका.

४. छर्रा टाकून पाहा

सगळ्यांत खरी परीक्षा ही. टाटीबंधच्या कुठल्याही ट्रक गॅरेजात जुन्या बेअरिंगमधला इंचभर व्यासाचा छर्रा मागितला तर मिळतो. ऐरण ओंडक्यावर पक्की बसवा, डुगडुगता कामा नये. शेजारी पट्टी उभी धरा. २५ सेंटिमीटर उंचीवरून छर्रा नुसता सोडा, ढकलू नका. तो किती उसळतो ते पाहा. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढला तर आकडा नेमका मिळतो.

२५ वरून सोडलेला छर्रा २० सेंटिमीटर वर आला, तर उसळी ८० टक्के. १८ वर आला तर ७२ टक्के. उत्तम ऐरण ७५ ते ९० टक्के उसळी देते. साठीच्या वर असेल तर कामाची. पन्नासच्या खाली गेली तर माथा मऊ आहे असं समजा. नुसत्या बिडाची तर तिशीच्या आसपासही घुटमळते.

एकाच जागी पाहून भागत नाही. माथ्याचे नऊ चौकोन कल्पून प्रत्येकात छर्रा सोडा. कडेला आणि भोकांजवळ उसळी थोडी कमी येते, ते साहजिक आहे. मधेच एखाद्या जागी छर्रा एकदम मेल्यासारखा पडला, तर दोन शंका घ्या: तिथे वरची पोलादी पट्टी धडापासून सुटली असेल, किंवा कुणीतरी वेल्डिंग केलं असेल. अशा जागी छोट्या हातोडीनं टकटक केलं की सुटलेली पट्टी बाकीच्यापेक्षा वेगळी, फुटक्या भांड्यागत किरकिरी वाजते.

माथाभर सगळीकडेच उसळी कमी, पण शिक्का नामांकित कंपनीचा, असंही घडतं. तेव्हा ती ऐरण कधीतरी आगीत सापडली असावी. पोलादाला दिलेलं पाणी तापल्यानं उतरतं. दुकानाला लागलेल्या आगीतून बाहेर काढलेली ऐरण दिसायला धडधाकट असते, पण आतून मऊ झालेली असते. नाव कितीही मोठं असलं तरी अशा ऐरणीला कामाचा भाव येत नाही.

५. झीज, टवके आणि दुरुस्त्या

आता डोळ्यांनी पाहायच्या गोष्टी.

माथ्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवा. मधे उजेड दिसेल, कारण वर्षानुवर्षांच्या घावांनी माथा किंचित खोलगट होतोच. पट्टीखालून एक-दोन नाणी सरकत असतील तर त्याचं काही वाटून घेऊ नका. लोहार सरळ करायच्या कामाला थोडा खोलगटपणा उलट वापरून घेतो. बोट शिरत असेल तर भाव पडला.

कडांचे टवके सगळ्याच जुन्या ऐरणींना असतात. एका बाजूला थोडी धड कड शिल्लक असली तरी कामाचं भागतं. शिवाय काही कारागीर कड मुद्दामच गोल करून घेतात, म्हणजे तापल्या लोखंडावर चर पडत नाही. गोल केलेली कड आणि फुटलेली कड यांत फरक करा: पहिली बोटाला गुळगुळीत लागते, दुसरी टोचते.

शिंगाच्या, म्हणजे ऐरणीच्या निमुळत्या टोकाच्या, मुळाशी एक पायरी असते. तिच्यावर छिन्नीच्या खुणा असतील तर घाबरू नका. ती मुद्दाम मऊ ठेवलेली, तोडकामाचीच जागा आहे. त्याच खुणा माथ्यावर असतील तर मात्र आधीच्या मालकानं हयगय केली.

माथ्यावरची दोन भोकं, एक चौकोनी आणि एक गोल, कोपऱ्यातून तडकलेली नाहीत ना ते पाहा. तड्यावर रॉकेल लावून पुसा आणि खडू फिरवा. तडा असेल तर आतलं रॉकेल झिरपून खडूवर काळपट रेघ उमटते.

आणि एक कळकळीची सूचना. विकण्याआधी तिला ‘नवी’ करायला जाऊ नका. माथा मशीनवर घासून चकचकीत केला की बोटभर पट्टीतली काही जाडी कायमची जाते. चांगली किंमत यायच्या ऐवजी जाणकार गिऱ्हाईक तिथल्या तिथे माघारी फिरतं. काळा रंग मारला तर तो म्हणेल, खाली काय लपवलंय? गंज ब्रशनं काढा, तेलाचं फडकं फिरवा, बस्स.

६. ती रुळाची असेल तर

भिलाईत देशाच्या रेल्वेसाठी रूळ तयार होतात. रायपुरात रेल्वेचं मालडबे दुरुस्तीचं मोठं वर्कशॉप आहे. त्यामुळे या भागातल्या कितीतरी दुकानांत ऐरण म्हणजे रुळाचा तुकडाच असतो. तुमची तशी असेल तर हिशेब वेगळा होतो.

वजन काढणं सोपं आहे. आजचा रूळ बहुधा मीटरला ६० किलोचा किंवा ५२ किलोचा असतो; जुना ‘नव्वद पौंडी’ रूळ मीटरला साधारण ४४.६ किलोचा. रुळाच्या कमरेवर उठावाच्या अक्षरांत वजन, कारखाना आणि साल लिहिलेलं असतं. ६० किलोच्या रुळाचा दोन फुटी तुकडा छत्तीस-सदतीस किलोचा भरतो. रुळाचं पोलाद चिवट असतं, पण खऱ्या ऐरणीच्या माथ्याइतकं कडक नसतं. शिवाय कंबर बारीक असल्यानं तो घावाखाली थरथरतो. म्हणून त्याला भंगारापेक्षा थोडा जास्त भाव मिळतो, ऐरणीचा नाही. कुणी त्याला शिंग घडवलं असेल, खाली जाड प्लेट जोडली असेल, तर त्या मजुरीचे पैसे वेगळे धरा.

आता महत्त्वाचं. रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदा ताबा हा गुन्हा आहे. 1966 चा स्वतंत्र कायदा त्यासाठी आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माल चोरीचा असावा असा वाजवी संशय आला, तर तो रीतसर मिळवल्याचं दाखवण्याची जबाबदारी ज्याच्याकडे सापडला त्याच्यावर येते. रेल्वे तिचं भंगार लिलावात विकते आणि त्याची कागदपत्रं मिळतात. वडिलांच्या फायलींत लिलावाची किंवा भंगार व्यापाऱ्याची पावती शोधा. ती असेल तर झेरॉक्स गिऱ्हाइकाला द्या, भाव पक्का होईल. ती नसेल तर चार पैशांसाठी घाईनं विकण्याआधी वकिलाला विचारा. हाच नियम ऐरणीवर रेल्वेचा शिक्का ठोकलेला असेल तरी लागू पडतो. बंगाल-नागपूर रेल्वेची ‘बी. एन. आर.’ ही अक्षरं पाहून संग्राहक खूश होईल, पण ती तुमच्याकडे आली कशी हा प्रश्न तोही विचारेल.

७. हिशेब मांडू या

माहिती हातात आली. आता दहा गुणांचा एक तक्ता करू. छर्र्याच्या उसळीला ४ गुण, माथ्याचा सपाटपणा आणि कडा यांना २, धड शाबूत असण्याला २, शिंग आणि भोकांना १, वाचता येणाऱ्या शिक्क्याला १. मग सूत्र सोपं आहे: खालचं टोक, अधिक दोन टोकांमधल्या फरकाचा गुणांइतका हिस्सा.

खालचे दर केवळ समजावण्यासाठी धरले आहेत. तुम्ही त्या दिवशीचे खरे दर घाला.

उदाहरण पहिलं. इंग्लिश घडीव ऐरण, वजन ८२ किलो. भंगाराचा भाव किलोला ३० रुपये धरला तर खालचं टोक २,४६० रुपये. पोलादाची नवी ऐरण भाड्यासह किलोला २२० रुपये धरली तर वरचं टोक १८,०४० रुपये. फरक १५,५८० रुपये. उसळी सरासरी ७५ टक्के म्हणून ४ पैकी ३. एका बाजूची कड फुटलेली म्हणून २ पैकी १. धड ठणठणीत, २ पैकी २. शिंग आणि भोकं शाबूत, १. शिक्का अर्धवट वाचता येतो, अर्धा गुण. एकूण साडेसात. १५,५८० चे पाऊण म्हणजे ११,६८५. त्यात २,४६० मिळवले की १४,१४५. म्हणजे रास्त भाव चौदा हजार. भंगारवाला देत होता त्याच्या जवळजवळ सहापट, आणि नव्यापेक्षा चार हजारांनी कमी. घेणारा आणि विकणारा दोघांचाही फायदा आहे, म्हणूनच तो रास्त.

उदाहरण दुसरं. तेवढ्याच वजनाची नुसत्या बिडाची ऐरण. खालचं टोक तेच, २,४६०. पण वरचं टोक बिडाच्या नव्या ऐरणीचं, किलोला ९० रुपये धरले तर ७,३८०. फरक ४,९२०. माथा दबलेला, कडा गेलेल्या, बाकी ठीक. तिच्या जातीच्या नव्या ऐरणीशी ताडून दहापैकी ५ गुण दिले. भाव निघाला ४,९२०, म्हणजे पाच हजारांच्या आतबाहेर. वजन सारखं, आकार सारखा, आणि भावात नऊ हजारांचं अंतर. हे अंतर माथ्याचं आहे.

या तक्त्याला एक अट आहे. पोलादी माथ्याच्या ऐरणीची उसळी पन्नास टक्क्यांच्या खाली असेल तर बाकीचे गुण मोजूच नका. आगीत उतरलेल्या ऐरणीचं शिंग सुंदर आहे म्हणून तिला सहा गुण देणं ही स्वतःची समजूत घालणं झालं. तिचा भाव भंगारापेक्षा थोडा वर, शोभेची वस्तू म्हणून कुणी घेईल तेवढा.

८. गिऱ्हाईक कोण?

भाव कागदावर निघतो, पण पैसे माणूस देतो. रायपूरच्या आसपास चार तऱ्हेची गिऱ्हाइकं भेटतील.

गावातला किंवा रस्त्याकडेला पाल टाकून बसणारा लोहार हसिया, कुऱ्हाड, फाळ घडवतो. त्याला वीस-पंचवीस किलोची, उचलून नेता येणारी ऐरण सोयीची. ऐंशी किलोची त्याला परवडत नाही आणि झेपतही नाही. गेट आणि ग्रिल करणारा फॅब्रिकेटर बहुधा रुळाच्या तुकड्यावर भागवतो. नक्षीकाम करणारा असेल तर त्याला शिंग हवं असतं. कोंडागावचे लोहशिल्पी हे तिसरं गिऱ्हाईक. बस्तरचं लोहशिल्प देशभर नावाजलेलं आहे आणि ते सगळं हातोडा-ऐरणीवर घडतं. चौथा म्हणजे पुण्या-मुंबईकडचा सुऱ्या घडवणारा हौशी कारागीर. भाव तो सगळ्यांत जास्त देतो, पण छर्र्याचा व्हिडिओ आधी मागतो.

मोबाइलवरच्या डॉलरांचं काय? तिथल्या भावात हौस आणि संग्रह यांचे पैसे मिसळलेले असतात, आणि तिथली ऐरण तिथेच उचलायची असते. रायपूरहून जहाजानं पाठवायचं भाडं वजा केलं की फारसं हाती उरत नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. परदेशी पाठवण्याआधी ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागेल.

विकायची वेळही पाहा. आषाढ अमावास्येला आपल्याकडे दिव्यांची पूजा असते. त्याच दिवशी छत्तीसगडात हरेली असते, शेतीची अवजारं पुजतात आणि लोहार घरोघरी चौकटीला खिळा ठोकतो. त्याच्या आधीचे काही आठवडे आणि पुढे धानाच्या कापणीआधीचे दिवस हे लोहाराच्या कामाचे. हातात काम असतं तेव्हा अवजारात पैसे घालायची त्याची तयारी असते.

17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. नोंदणी झालेल्या कारागिराला अवजारांच्या संचासाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजानं पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत विनातारण कर्ज मिळू शकतं. तुमच्याकडे येणारा लोहार मनात तुलना करतो ती या संचाशी. त्या संचाबरोबर येणारी ऐरण केवढी आणि तुमची केवढी, हे त्याला शेजारी ठेवून दाखवता आलं तर तुमचा भाव त्याला पटतो.

९. बोलणी आणि पावती

बोलताना भाव किलोवर सांगू नका. किलोची भाषा सुरू झाली की तुम्ही भंगाराच्या दारात जाऊन उभे राहिलात. “ऐरण चौदा हजारांची आहे” असं उक्तं सांगा. जाहिरातीत ‘निहाई’ हा हिंदी शब्द टाका, कारण इथले लोहार तोच शोधतील. फोटो सहा हवेत: दोन्ही बाजू, माथा वरून, शिंग, बूड आणि शिक्का. काट्यावरचं वजन दिसणारा एक आणि छर्र्याचा व्हिडिओ जोडला की निम्मे फुकटे फोन बंद होतात.

घासाघीस होणारच, म्हणून दहा-बारा टक्के वर धरा. चौदा हजारांच्या ऐरणीचे साडेपंधरा सांगा आणि साडेबाराच्या खाली उतरू नका. दोष आधी सांगा. “ही कड फुटली आहे, त्याचे पैसे मी कापलेले आहेत” असं तुम्हीच म्हणालात, की त्याच कडेवरून पुन्हा भाव पाडायला जागा उरत नाही. गिऱ्हाइकाला स्वतःच्या हातोडीनं ठोकून पाहायचं असेल तर पाहू द्या. फक्त थंड माथ्यावर जोराचा घाव घालू देऊ नका, कडेचा टवका उडून डोळ्यात जाऊ शकतो.

व्यवहार ठरला की साधी पावती करा: तारीख, वजन, शिक्का, सांगितलेले दोष, एकूण रक्कम, दोघांच्या सह्या. ऐरण तुमच्याकडे कशी आली त्याची एक ओळही त्यात असू द्या. नेणावळ कुणाची हे पैसे हातात पडण्याआधी ठरवा. ऐंशी किलो उचलायला चार हात आणि एक छोटा हत्ती लागतो, आणि ऐन वेळी त्यावरून मोडलेले सौदे काही कमी नाहीत.

आणि मनासारखा भाव आलाच नाही तर? शेड आजच सोडायची नसेल तर थांबा. ऐरण काही खायला मागत नाही. माथ्याला तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी ठेवली, तर पुढच्या हंगामालाही तिची उसळी तेवढीच राहते, आणि भाव उसळीचा आहे.